वाशिष्ठीच्या मुखावरचे दाभोळ

धोपाव्याच्या जेटीवरून फेरीबोट सुटते तेव्हा तिच्यावर मोटारी, दुचाक्या, एखादा टेम्पो आणि कठड्याला टेकलेली माणसे असतात. वाशिष्ठीची खाडी ओलांडायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. २००३ साली ही फेरी सुरू होण्याआधी गाडी पलीकडे न्यायची तर थेट चिपळूणचा वळसा पडे. डावीकडे खाडीचे मुख दिसते. त्याच्या अलीकडच्या टेकडीवर अंजनवेलचा गोपाळगड आहे. समोर, पाण्याला लागून, माडांतून वर आलेला एक घुमट जवळ येत जातो. तेच दाभोळ.

आज हे दापोली तालुक्यातले मासेमारीचे गाव आहे. साडेपाचशे वर्षांपूर्वी ही बहमनी राज्याची समुद्राकडची वेस होती.

उतरल्यावर लगेच बाजाराकडे वळू नये. ओहोटी असेल तर धक्क्याच्या कडेला वाकून पाहावे. दगडांवर कालवांची खरबरीत पट्टी दिसते, पायाला लागली तर कापेल अशी. तिच्या वर हिरवट ओल आणि त्याही वर कोरडा दगड. उधाणाचे पाणी कुठवर चढते ते या ओलीची वरची कडच सांगते. जुन्या दाभोळचा सगळा व्यापार या चढउतारावर चालत होता. समुद्रातून आलेला माल इथे लहान होड्यांत उतरवायचा, भरती लागली की तिच्याबरोबर खाडीत वर सोडायचा. एका भरतीत गाठता आले नाही तर नांगर टाकून पुढच्या भरतीची वाट पाहायची. असे सुमारे ४० किलोमीटर गेले की चिपळूणजवळचे गोवळकोट येते. तिथून बैलांच्या पाठीवर कुंभार्ली घाट चढून माल देशावर. सह्याद्रीची भिंत एवढी जवळ असताना पाणी माणसाला तिच्या पायथ्यापर्यंत नेऊन सोडते, हे मला या खाडीचे पहिले नवल वाटते.

दुसरे नवल वाऱ्याचे. पावसाळाभर बंदर बंद. वाऱ्याचा जोर ओसरला की त्याच नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर अरबस्तानाकडची जहाजे यायची आणि हिवाळ्यात ईशान्येचा वारा धरून परत जायची. कोकणातला दर्यावर्दी आजही नारळी पौर्णिमेला नारळ वाहून समुद्रात उतरतो, त्यामागे हेच वेळापत्रक आहे.

या वाऱ्यावर येणारा सर्वांत मोलाचा माल म्हणजे जिवंत घोडे. दख्खनच्या हवेत चांगल्या घोड्यांची पैदास होत नसे आणि घोडदळावाचून राज्य टिकत नसे. त्वेर या रशियन नगरातला व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात हिंदुस्थानात आला तोही बरोबर एक घोडा घेऊन. तो उतरला चौलला. जुन्नरला तिथल्या खानाने त्याचा घोडा हिसकावला आणि धर्म बदललास तरच परत मिळेल असे बजावले. पुढे घोडा सुटला, बीदरकडे गेल्यावर विकलाही गेला. परतीच्या प्रवासाला मात्र निकितिनने दाभोळचे बंदर निवडले. मिसर, अरबस्तान, खुरासानचे घोडे उतरवणारे फार मोठे बंदर, असे त्याने या गावाचे वर्णन केले आहे. इथून तो होर्मुझला जाणाऱ्या जहाजात चढला. घर त्याला पुन्हा दिसले नाही. वाटेत, स्मोलेन्स्कला पोहोचण्याआधीच, तो वारला.

हे वैभव एका दिवसात पेटले. १५०८च्या मार्चमध्ये चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेदा याचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. सूड घ्यायला दीवकडे निघालेल्या बापाने डिसेंबरअखेर वाटेतले दाभोळ लुटले आणि जाळले. ज्यांचा त्या लढाईशी काही संबंध नव्हता अशी माणसे त्यात मेली. १५१० साली गोवा पोर्तुगिजांच्या हाती गेला आणि घोड्यांचा व्यापार त्यांनी तिकडे ओढून घेतला. तरीही गाव पुन्हा उभे राहिले, आणि ते किती सावरले होते हे फेरीतून दिसलेला तो घुमट सांगतो.

जेटीपासून चालत थोड्याच अंतरावर ही शाही मशीद आहे. लोक तिला अंडा मशीद म्हणतात. उंच चौथरा, चार कोपऱ्यांना मिनार, मधोमध एकच मोठा घुमट. विजापूरच्या धाटणीची ही इमारत माडांच्या सावलीत, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभी आहे. सांगतात ते असे, की विजापूरची शाहजादी आयेशाबीबी हजला निघाली, पण समुद्र धोक्याचा म्हणून इथेच थांबली आणि यात्रेसाठी आणलेले द्रव्य तिने या बांधकामाला लावले. कथा खरी असो वा नसो, बांधकामाचा काळ १६५९च्या सुमाराचा मानतात. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात प्रतापगडाखाली अफझलखान मारला गेला आणि थोड्याच काळात दाभोळ शिवाजी महाराजांच्या ताब्यात आले. विजापूरने या किनाऱ्यावर ठेवलेली ही जवळजवळ शेवटचीच मोठी खूण.

बाजार छोटा आहे. जाळी, दोर, बर्फ, सुकी मासळी. तो ओलांडून चढ चढले की चंडिकादेवीचे स्थान लागते. देऊळ भुयारात आहे. चिंचोळ्या वाटेने वाकून आत जायचे, आणि उजेड फक्त समईचा. डोळे सरावेपर्यंत हाताला लागणारा गार कातळच सोबत.

‘दाभोळ’ हे नाव गेल्या शतकाच्या अखेरीस जगभर गाजले ते वीजप्रकल्पामुळे. तो प्रकल्प या गावात नाही, खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात आहे. विजेशी दाभोळचे खरे नाते वेगळेच, आणि ते पाण्यातून आलेले. कोयना ही कृष्णेची उपनदी, तिचे पाणी बंगालच्या उपसागराला जायचे. १९६२पासून ते सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीच्या वीजघरात उतरते आणि वीज देऊन वाशिष्ठीत येते. वर्षाला सुमारे ६७ टीएमसी एवढा त्याचा वाटा आहे. त्यामुळे ऐन वैशाखातही या नदीला वरून पाण्याचा ओघ असतो.

परतीच्या फेरीची वाट पाहत जेटीवर उभे राहिले की ओहोटी लागलेली दिसते. गढूळ पाणी कालवांची पट्टी उघडी टाकत मुखाकडे सरकत असते. महाबळेश्वरच्या डोंगरात पडून कोयनेतून आलेला पाऊस त्यात मिसळलेला असतो, आणि अंजनवेलच्या टेकडीखालून तो अरबी समुद्रात जातो.