मुलांच्या पोटाला मुका मार

मुलाच्या पोटाला बसलेला मुका मार बाहेरून दिसेलच असे नाही. गच्चीवरून पडणे, गाडीची धडक, सायकलच्या हँडलचे टोक पोटात रुतणे ही त्याची नेहमीची कारणे. लहान वयात बरगड्या लवचिक असतात, पोटावर चरबी आणि स्नायूंचा थर पातळ असतो. त्यामुळे एकही बरगडी न मोडता आत यकृत, मूत्रपिंड किंवा प्लीहा, म्हणजे पाणथरी, फाटू शकते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फाटलेली प्लीहा काढून टाकण्याचीच रीत होती. प्लीहा काढलेल्या पाच तान्ह्या मुलांना पुढे गंभीर जंतुसंसर्ग झाल्याचे किंग आणि शुमाकर यांनी 1952 साली नोंदवले आणि या रीतीबद्दल शंका सुरू झाली. टोरांटोच्या बालरुग्णालयातला शस्त्रक्रियेविना बऱ्या झालेल्या मुलांचा अनुभव उपाध्याय आणि सिम्प्सन यांनी 1968 मध्ये मांडला. हे उपाध्याय भारतीय. पुढे दिल्लीच्या एम्समध्ये त्यांनी बालशल्यचिकित्सा उभी केली. एवढ्या मोठ्या बदलात त्यांचा वाटा होता, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

मुलांच्या प्लीहेचे आवरण तुलनेने चिवट असते आणि फाटलेल्या रक्तवाहिन्या लवकर आकसतात, म्हणून रक्तस्राव बहुधा आपोआप थांबतो. मुक्या माराने यकृत किंवा प्लीहा फाटलेल्या दहापैकी नऊहून अधिक मुलांना आज शस्त्रक्रिया लागत नाही.

निर्णय ठरतो तो मुलाच्या प्रकृतीवर. सीटी स्कॅनमध्ये जखम किती खोल दिसते, हे त्यानंतर. पंधरा किलोच्या मुलाच्या अंगात सुमारे 1200 मिलिलिटर रक्त असते. त्यातले पाव रक्त गेले तरी रक्तदाब टिकून राहतो आणि पाहणारा फसतो. नाडी जलद होणे, हातपाय गार पडणे, मूल सुस्त होणे या खुणा आधी दिसतात. रक्त चढवूनही प्रकृती सावरत नसेल, तर पोट उघडावेच लागते. आतड्याचे गणित वेगळे. त्याला पडलेले छिद्र आपोआप बुजेल या भरवशावर राहता येत नाही, आणि पोट कडक होणे, ताप, उलट्या ही लक्षणे कधी कधी दुसऱ्या दिवशी उमटतात. स्वादुपिंडाची नलिका तुटली असेल तर काय करावे, यावर तज्ज्ञांचे अजून एकमत नाही.

शस्त्रक्रिया न करणे म्हणजे घरी पाठवणे नव्हे. वारंवार तपासणी, हिमोग्लोबिनवर नजर, हाताशी रक्त आणि तयार शस्त्रक्रियागृह एवढे सगळे त्याला लागते. नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरसारख्या गावातल्या मुलासाठी हा पहारा नागपूरच्या मेडिकल कॉलेजसारख्या मोठ्या रुग्णालयातच व्हायला हवा. सोनोग्राफीत पोटात पाणी दिसले एवढ्यावरून चिरफाड करू नये, आणि ती स्वच्छ आली म्हणून निर्धास्तही राहू नये. सलाईन लावून, रक्तगट पाहून मुलाला 108 च्या रुग्णवाहिकेने हलवावे. घरच्यांनी तेल लावून पोट चोळू नये, शेकू नये, काही खायला-प्यायला देऊ नये.

बरे झाल्यावरही काही आठवडे धावपळीचे खेळ बंद ठेवावे लागतात. प्लीहा काढावीच लागली, तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंविरुद्धच्या लसी द्याव्या लागतात आणि पुढे प्रत्येक ताप त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा लागतो.