आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला, म्हणजे आमवात झाला का?

कंपनीच्या वार्षिक मेडिकल चेकअपच्या पॅकेजमध्ये हल्ली बऱ्याच ठिकाणी 'आरए फॅक्टर' ही टेस्ट असते. मी अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये काम करतो. रिपोर्ट आले की लोक ते घेऊन आमच्याकडे येतात. लॅबवाल्यांना आकडे कळतात, असा समज! यंदा असे दोन रिपोर्ट आले. तिशीतल्या एका ऑपरेटरचा पॉझिटिव्ह होता. त्याला त्रास काहीच नाही, पण नेटवर वाकड्या बोटांचे फोटो पाहून झोप उडालेली. दुसरे पॅकिंगमधले काका. सकाळी तासभर मूठ वळत नाही, बोटं सुजतात, पण रिपोर्ट निगेटिव्ह म्हणून निवांत. खरं तर डॉक्टरकडे आधी काकांनी जायला हवं. का, ते आज समजून घेऊ.

टेस्ट नेमकं काय मोजते?

रुमेटॉइड आर्थरायटिस, म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात, त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. यातल्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात एक वेगळी अँटीबॉडी सापडते. ती जंतूंविरुद्ध नसते, तर आपल्याच इतर अँटीबॉडींना जाऊन चिकटते. तिलाच रुमेटॉइड फॅक्टर म्हणतात. नॉर्वेचे एरिक वालर यांनी १९४० मध्ये हा शोध प्रसिद्ध केला.

मोजायची पद्धत एमआयडीसीतल्या माणसाला लगेच कळेल. ईटीपीच्या पाण्याचा गढूळपणा आपण टर्बिडिटी मीटरवर पाहतो ना, तसंच. लॅटेक्सच्या बारीक कणांवर अँटीबॉडी बसवलेल्या असतात. त्यात रुग्णाचं सीरम टाकायचं. फॅक्टर असेल तर कण एकमेकांना चिकटतात, द्रावण गढूळ होतं आणि प्रकाश अडतो. त्यावरून मशीन आकडा देतं.

पण हा आकडा अँटीबॉडीचा आहे. ही अँटीबॉडी काही निरोगी लोकांतही असते, वयाबरोबर वाढते, हिपॅटायटिस सी किंवा टीबीमध्येही दिसू शकते.

भिगवणमधून मिळालेला आकडा

पॉझिटिव्ह रिपोर्टचा अर्थ लावायला आधी एक गोष्ट माहीत हवी: हा आजार मुळात किती लोकांना असतो? हॉस्पिटलमध्ये बसून हे कळत नाही, कारण तिथे आजारीच माणसं येतात. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या टीमने १९९६ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या भिगवण गावात घरोघरी जाऊन पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने चाललेल्या 'कोपकॉर्ड' कार्यक्रमाचा हा भाग होता. चार हजारांहून जास्त प्रौढांना विचारलं गेलं: दुखतं का, कुठे दुखतं? साधारण १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंचा काही ना काही त्रास होता. पण तपासणीनंतर आमवात निघाला फक्त ०.५ टक्क्याच्या आसपास.

आता गणित करूया

समजा १००० कामगारांची सरसकट टेस्ट केली. भिगवणच्या हिशोबाने त्यात आमवाताचे ५ जण. टेस्ट साधारण ७० टक्के रुग्ण पकडते, म्हणजे ३ किंवा ४ सापडले. उरले ९९५ निरोगी. त्यातल्या ५ टक्के लोकांत फॅक्टर सापडतो असं धरलं, तर पॉझिटिव्ह येतात जवळपास ५०! म्हणजे एकूण ५४ पॉझिटिव्हमध्ये खरे रुग्ण चारच.

आता हीच टेस्ट सांधे सुजलेल्या १०० जणांत करा, आणि समजा त्यातल्या ३० जणांना खरोखर आमवात आहे. २१ खरे पॉझिटिव्ह, चुकीचे ३ किंवा ४. टेस्ट तीच, मशीन तेच, पण कोणाची केली यावरून रिपोर्टची किंमत बदलली.

मात्र या ३० मधले ९ जण निगेटिव्ह आले, तेही विसरू नका. काकांसारख्यांचा धोका इथेच आहे. निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन पेनकिलरवर महिने काढले, तर तोवर सांध्याची झीज होऊन बसते आणि ती भरून येत नाही. उपचार लवकर सुरू झाले तर सांधे वाचवता येतात.

मग करायचं काय?

- त्रास काही नाही, फक्त रिपोर्ट पॉझिटिव्ह: घाबरू नका. डॉक्टरांना एकदा दाखवा, स्वतःहून औषध घेऊ नका.
- सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडणं, हाता-पायाच्या छोट्या सांध्यांना सूज, सहा आठवडे झाले तरी तेच: रिपोर्ट काहीही असो, संधिवाततज्ज्ञांना, म्हणजे रुमेटॉलॉजिस्टना भेटा.
- डॉक्टर अँटी-सीसीपी ही टेस्ट सांगतील. ती चुकीची पॉझिटिव्ह क्वचित येते, पण काही रुग्ण तिच्यातूनही सुटतात.

आणि पॅकेज ठरवणाऱ्या एचआरवाल्यांना एक विनंती. सगळ्यांची आरए फॅक्टर टेस्ट करण्याऐवजी फॉर्मवर एकच प्रश्न वाढवा: 'सकाळी उठल्यावर हात किती वेळ आखडलेले असतात?' खर्च शून्य, आणि खरा रुग्ण सापडायची शक्यता जास्त.