कोलोनोस्कोपी: गुंगी घ्यायची की जागं राहायचं?

मागच्या भागात आपण कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशी प्यायच्या त्या औषधाबद्दल बोललो. त्यानंतर भोपाळपासून हुबळीपर्यंत सगळीकडून एकच प्रश्न आला: "डॉक्टर, भूल घ्यायची का?"

काहींना दुखण्याची भीती वाटते, तर काहींना जागच आली नाही तर काय याची. दोन्हींपायी माणसं तपासणीच पुढे ढकलतात. शौचातून रक्त पडत असतं आणि मूळव्याधच असेल असं म्हणून महिनोन्‌महिने मलम लावत बसतात. हे मला जास्त घातक वाटतं, म्हणून आजचा भाग.

मी भूलतज्ज्ञ आहे, बडोद्यात काम करते. तेव्हा मी भुलीचीच तरफदारी करणार असं तुम्हाला वाटेल. पण जागं राहून ही तपासणी उत्तम पार पडलेले कितीतरी लोक मी पाहिलेत. नॉर्वे, फिनलंडसारख्या देशांत बरेच जण ती गुंगीशिवायच करून घेतात. अमेरिकेत मात्र गुंगी जवळजवळ गृहीतच धरलेली असते. शरीरं सगळीकडे सारखीच, पद्धत वेगळी.

आधी दुखतं काय ते पाहू. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. त्याच्या आतल्या अस्तराला कापल्याचं कळत नाही. तुकडा तपासायला घेतला किंवा पॉलिप, म्हणजे आतली मांसल गाठ, काढली तरी जाणवत नाही. जाणवतो तो ताण. आतडं फुगवायला आत हवा सोडतात, आणि वळणावर नळी पुढे सरकताना आतडं ओढलं जातं. गॅस धरल्यावर कळ येते ना, तशीच पण जास्त जोरकस. डाव्या बाजूची सुरुवातीची वळणं सगळ्यांत त्रासाची. एकदा नळी उजव्या टोकाला पोचली की परत येताना सहसा काही होत नाही, आणि खरी बारकाईची पाहणी त्या परतीच्या वाटेवरच होते.

हा ताण कमीही करता येतो. साध्या हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला तर तो लवकर शोषला जातो आणि पोट फुगून राहत नाही. काही डॉक्टर हवेऐवजी पाणी सोडत पुढे जातात. तुमच्या रुग्णालयात यातलं काय करतात, हे जरूर विचारा. जागं राहायचा विचार असेल तर या एका प्रश्नाच्या उत्तरावर बरंच काही ठरतं.

आता गुंगी. आपण सरसकट 'भूल' म्हणतो, पण तिच्या पायऱ्या आहेत. हलक्या गुंगीत शिरेतून मिडाझोलम आणि बहुतेकदा त्याच्या जोडीला फेंटानिल देतात. माणूस सुस्तावतो, हाक मारली तर ओ देतो, आणि नंतर त्याला फारसं आठवत नाही. या दोन्ही औषधांवर उतारा आहे. दुसरं औषध म्हणजे प्रोपोफोल, ते दुधासारखं पांढरं इंजेक्शन. मिनिटभरात झोप लागते आणि तपासणी संपल्यावर थोड्याच वेळात जाग येते. म्हणून रुग्णांना ते फार आवडतं. पण त्यावर उतारा नाही. मात्रा थोडी जास्त झाली की श्वास मंदावतो, रक्तदाब उतरतो. हे घाबरवायला सांगत नाही. प्रोपोफोल देणार असतील तर नळी चालवणाऱ्या डॉक्टरांखेरीज, फक्त तुमच्या श्वासाकडे, नाडीकडे आणि ऑक्सिजनकडे बघणारी प्रशिक्षित व्यक्ती तिथे हवी, एवढंच म्हणायचं आहे. "ती व्यक्ती कोण असेल?" हे विचारायला लाजू नका.

ज्यांना जोरात घोरण्याचा, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे, वजन बरंच जास्त आहे, हृदय किंवा फुप्फुसं कमकुवत आहेत, त्यांनी ते आधीच सांगावं. अशांना गुंगी देता येत नाही असं नाही, पण हात आखडता ठेवावा लागतो. उलट गर्भाशय काढलेलं असेल, ओटीपोटाच्या शस्त्रक्रिया झाल्या असतील, बांधा अगदी किरकोळ असेल किंवा आधीची तपासणी फार दुखली असेल, तर गुंगी घेतलेली बरी. "एवढंसं सहन होत नाही?" असं म्हणणाऱ्या नातेवाइकांचं मनावर घेऊ नका. रुग्ण कळवळून हलायला लागला की तपासणी अर्धवट सोडावी लागते, आणि ते पोट साफ करायचं औषध पुन्हा प्यावं लागतं!

आपल्यापैकी अनेकांसाठी खरा प्रश्न असतो तो सोबतीचा. मुलं बंगळुरूत नाहीतर परदेशात, घरी दोघंच, त्यातल्या एकाचे गुडघे धरलेले. गुंगी घेतली तर घरी न्यायला कुणीतरी हवंच. 24 तास गाडी चालवायची नाही, दारू घ्यायची नाही, बँकेच्या किंवा मालमत्तेच्या कागदांवर सही करायची नाही. तपासणीनंतर डॉक्टर जे सांगतात ते गुंगीतला माणूस मान डोलवून ऐकतो आणि संध्याकाळपर्यंत विसरतो. ते ऐकायला दुसरे कान हवेत. सोबत मिळतच नसेल तर जागं राहणं हा चांगला मार्ग आहे. पडद्यावर स्वतःचं आतडं बघता येतं, आणि थोड्या वेळाने चहा पिऊन आपल्या पायांनी घरी जाता येतं.

जागं राहणार असाल तर थांबवायचा शब्द आधी ठरवून घ्या. परक्या भाषेच्या शहरात राहणाऱ्यांनी तर नक्कीच. कन्नडमध्ये 'निल्लिसी', तेलुगूत 'आपंडी'. कळ आली की माणसाला मराठीच आठवते, आणि चेन्नईच्या नर्सबाईंना 'अगं आई गं'चा अर्थ लागेलच असं नाही. हात वर केला की थांबायचं, असंही ठरवता येतं.

मधला मार्गही आहे. हाताला सुई लावून ठेवायची, जागेपणी सुरुवात करायची आणि नकोसं झालं तर औषध घ्यायचं. बऱ्याच ठिकाणी हे जमतं, पण आयत्या वेळी मागून मिळेलच असं नाही, कारण भूलतज्ज्ञ तिथे हजर असावा लागतो. शिवाय या मार्गातही ठरवून दिलेल्या वेळेपासून उपाशी राहणं आणि सोबत आणणं आलंच. भूलतज्ज्ञांची फी कधीकधी वेगळी लागते, तीही वेळ घेतानाच विचारा. मधुमेहाची किंवा रक्त पातळ करायची औषधं चालू असतील तर ती आपल्या मनाने बंद करू नका. चालू ठेवायची की थांबवायची ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

पुढच्या भागात पॉलिपचा रिपोर्ट कसा वाचायचा ते पाहू. जुने रिपोर्ट असतील तर हाताशी ठेवा.