तुडुंब खाचरं आणि टेलचा शेतकरी

भात हे काही कमळासारखं पाण्यातलं झाड नव्हे. तंजावरजवळच्या एखाद्या बांधावर उभं राहून हे वाक्य वाचलं तर खोटंच वाटेल, कारण तिथे नजर जाईल तिथवर खाचरं तुडुंब भरलेली दिसतात. पण भाताला हवी असते ती ओली जमीन. वर चार बोटं पाणी उभं असलंच पाहिजे, अशी त्याची अट नाही. त्याच्या पानांपासून मुळांपर्यंत हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्यांतून हवा खाली चिखलात उतरते आणि म्हणून तो पाण्यात गुदमरत नाही. बहुतेक तणांना हे जमत नाही, ती मरतात. म्हणजे खाचरातलं उभं पाणी हे बरंचसं तणनाशक आहे, आणि निंदणीच्या मजुरीपुढे ते फारच स्वस्त पडतं.

ते किती लागतं? एक किलो साळीमागे शेताला सरासरी 2500 लिटर पाणी द्यावं लागतं, असा फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचा हिशेब आहे. त्यातलं साधारण 1400 लिटर पानांतून आणि शेतातून वाफ होऊन जातं. उरलेलं बहुतेक जमिनीत मुरतं, नाहीतर बांधातून झिरपतं. मला थक्क करतं ते यापुढचं. पाण्याचा थर जितका उंच, तितका खालच्या मातीवर दाब जास्त, आणि दाब जास्त म्हणजे झिरपणंही जास्त. चार बोटांऐवजी आठ बोटं पाणी साठवलं की ते जास्त दिवस पुरतं खरं, पण दुप्पट दिवस नाही. साठाच स्वतःची गळती वाढवतो!

हाच खेळ नदीच्या मापानं पाहायचा तर कल्लणैला जावं. तिरुचिरापल्लीजवळचा हा बंधारा परंपरेनं करिकाल चोळाच्या नावावर आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. आज इथून पाणी चार वाटांनी जातं: कावेरी, वेण्णारू, कोळ्ळिडम आणि एक कालवा. भोसल्यांचं तंजावर याच पाण्यावर जगलं. पण बंधारा पाणी वळवतो, साठवत नाही. कोडगूच्या डोंगरात पाऊस पडला तर नदी भरायची, नाही पडला तर नाही.

1934 साली मेट्टूरचं धरण पुरं झालं आणि वरच्या अंगाला 93.47 टीएमसीचा साठा उभा राहिला. 12 जूनला दरवाजे उघडायचे, असा रिवाज पडला. आता पाण्याची तारीख ठरली म्हटल्यावर शेतीही त्या तारखेवर बसली. कल्लणैहून नवा कालवा निघाला, ओरत्तनाडु-पट्टुक्कोट्टैकडची नवी जमीन भिजू लागली. लांब मुदतीच्या सांबा भाताच्या एका पिकाऐवजी आधी हळवं कुरुवै आणि मग ताळडी, अशी दोन पिकं घेणं वाढलं. टंचाईवरचा उपाय म्हणून बांधलेल्या साठ्यानं नवी तहान जन्माला घातली. कोळशाबद्दल हेच अर्थशास्त्रज्ञ विल्यम जेव्हन्सनं 1865 मध्ये इंग्लंडात लिहिलं होतं: इंजिनं कमी कोळशात चालू लागली आणि देशाचा कोळसा जास्त खपू लागला. धरणांच्या बाबतीत 2018 साली काही जलशास्त्रज्ञांनी याला ‘जलाशय परिणाम’ असं नावही दिलं.

आपण मराठी माणसांनी तंजावरकरांना नावं ठेवायचं कारण नाही. 1885 चा नीरा डावा कालवा दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचवावी म्हणून काढला होता. त्यावर उभा राहिला ऊस. आणि रात्री लाइट आली की आपोआप सुरू होणारा मोटारीचा ‘ऑटो’ स्विच कुठल्या शिवारात नसतो? शेतकरी घरात झोपलेला, मोटार पाणी ओढतेय, खाचर भरून पाणी ओढ्याला लागलंय. तमिळनाडूत शेतीची वीज फुकट आहे, तेव्हा सकाळी उठून बंद केली काय नि न केली काय, बिल तेच.

याला उधळपट्टी म्हणून मोकळं होणं मात्र मला पटत नाही. पाटाच्या वरच्या अंगाच्या शेतकऱ्याला पुढचं आवर्तन कधी येईल याची खात्री नसते. 2022 मध्ये मेट्टूर 24 मेलाच उघडलं, 2024 मध्ये जुलैअखेर. अशा वेळी हाताशी आलेलं पाणी खाचरात कोंडून ठेवणं हा त्याचा विमा असतो. शिवाय पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरतं, मोजायला मीटर नाही, पट्टी क्षेत्रावर. त्यानं किती घेतलं हे त्याला स्वतःलाही कळायला मार्ग नाही. आणि झिरपलेलं सगळंच वाया जातं असंही नाही. तंजावर भागात ते भूजलात मिसळतं आणि खालच्या कुणाच्या तरी विहिरीत वर येतं. नागपट्टिणमकडे समुद्र जवळ, भूजल खारं, तिथे मुरलेला थेंब गेला तो गेला. नेमका तिथलाच शेतकरी टेलला, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाला, बसलेला असतो, पाटाकडे डोळे लावून.

भरपूर असूनही हिशेबात राहण्याची रीत तंजावरला ठाऊक नव्हती असं नाही. ओरत्तनाडुला तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी मुक्तांबाळ छत्र, म्हणजे वाटसरूंसाठी धर्मशाळा, बांधलं. अशा छत्रांबद्दल 1801 साली त्यांनी ब्रिटिश रेसिडेंटला पत्र लिहून कळवलं की ब्राह्मणापासून जोगी-बैराग्यांपर्यंत सर्वांना शिजवलेला भात मिळतो, ज्यांना तो नको त्यांना कोरडा शिधा. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून पुकारा होई: कुणी जेवायचं राहिलं असेल तर यावं. भात रांधलेला भरपूर, पण शेवटच्या माणसाला बोलावल्याशिवाय दिवस संपत नसे.

पाण्यासाठी अशी घंटा म्हणजे पाळी. पाणी कमी पडलं की कावेरीच्या खोऱ्यात ‘मुऱै’ लावतात, म्हणजे आळीपाळीनं पाणी. आपल्याकडे पांझरेच्या काठच्या फड पद्धतीत पाटकरी पाणी फिरवायचा, आणि नदी आटली तर एखादा फड, म्हणजे शेतांचा एक पट्टा, सरळ पडीक ठेवायचं गावानं ठरवायचं. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: किती आहे हे सगळ्यांना दिसतं.

शेतात हे दाखवायला फूटभर नळी पुरते. प्लास्टिकची, खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडलेली. ती खाचरात ठोकायची, आतला चिखल काढायचा आणि डोकावायचं. वरून जमीन सुकलेली, थोडी तडकलेली दिसते, पण नळीत थोडं खाली पाणी असतं आणि मुळं तिथवर पोहोचलेली असतात. ते 15 सेंटिमीटरच्या खाली गेलं की पुढचं पाणी द्यायचं. फुलोऱ्याच्या दिवसांत मात्र पाण्याचा थर उभा ठेवायचा. पाण्याची बचत 15 ते 30 टक्के होते, उत्पादन जवळपास तेवढंच राहतं, आणि सतत बुडालेल्या चिखलातून निघणारा मिथेन वायूही बराच घटतो. एक गोम आहे. तण वाढतं आणि निंदणीची मजुरी वरच्या शेतकऱ्याच्या अंगावर पडते, वाचलेलं पाणी मात्र टेलकडे जातं.

2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं कावेरीतला तमिळनाडूचा वार्षिक वाटा 404.25 टीएमसी ठरवला. राज्यांमधला हिशेब टीएमसीच्या दुसऱ्या दशांशापर्यंत गेला. वरच्या शेतकऱ्याच्या निंदणीची मजुरी कुणी भरायची, हा हिशेब अजून कुणी केलेला नाही, आणि तो केल्याशिवाय नळ्या फुकट वाटून उपयोग नाही.