ओमानची खारीक आणि तिचा गोडवा



गणपतीच्या खिरापतीत खोबरे, खसखस, खडीसाखर यांच्या जोडीला खारीक असते. ती येते कोठून? ओमान देशाच्या शरकिया भागात मबसली जातीचा खजूर होतो. जून-जुलैत फळ पिवळे व कडक असतानाच उतरवून पाण्यात उकळतात आणि उन्हात वाळवितात. या कामाला तेथे 'तबसील' म्हणतात. हा माल मुख्यतः भारतात जातो.

उकळण्यामागे शास्त्र आहे. पिवळ्या फळातील साखर बहुतांशी उसाच्या साखरेसारखी, म्हणजे सुक्रोज असते. फळ झाडावर पिकू दिले तर इन्व्हर्टेज नावाचे एन्झाइम तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करते. दुसरी एन्झाइमे पेक्टिन तोडतात व फळ मऊ पडते. उकळल्याने ती सारी निकामी होतात. म्हणून खारीक कडक राहते.

पेक्टिन आणि सेल्युलोज हीदेखील कर्बोदकेच. साखरेसारखे असंख्य कण साखळीने जोडून ती बनतात. आपले पाचकरस ही साखळी तोडू शकत नाहीत. हाच फळाचा चोथा. तो साखर रक्तात सावकाश उतरवितो.

ओमानमधील जबरीन येथील सतराव्या शतकातील गढीत खजुराचे कोठार आहे. तेथे खजुराच्या गोण्या एकावर एक रचीत. वजनाने पाक पाझरे व जमिनीतील पन्हळींतून वाहून जमा होई. त्याला 'दिब्स' म्हणतात. जणू खजुराची काकवीच! पण पाकात साखर उतरते, चोथा बहुतेक मागे राहतो.

म्हणून बाटलीवर 'नैसर्गिक' लिहिले आहे एवढ्याने फसू नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितले की मध, पाक आणि फळांचे रस यांतील साखर वरून घातलेल्या साखरेबरोबरच मोजावी. ती दिवसाच्या उष्मांकांच्या 10 टक्क्यांहून कमी असावी. 2000 कॅलरी घेणाऱ्यास सुमारे 50 ग्रॅम. अख्ख्या फळातील साखर या हिशोबात नाही.

आपल्या मॉरिशस बेटावर पाच प्रौढांमागे सुमारे एकाला मधुमेह आहे. तेव्हा खारीक रात्री भिजवून चोथ्यासकट खावी, तीही एक-दोनच, कारण तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरच असतो. मधुमेह असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. प्रसाद थोडाच घ्यावा, ही वडीलधाऱ्यांची शिकवण शरीरालाही हितकारक आहे.