स्पॉटिंग स्कोप घ्यायचाय? महागडी काच खरंच पैसे वसूल करते का, हे आधी समजून घ्या!

फेसबुक किंवा इन्स्टाग्राम चाळताना तुम्हाला ती जाहिरात एकदा तरी दिसली असेल. तळहातात मावेल एवढी काळी नळी, तिला चिकटवलेला मोबाईल आणि स्क्रीनवर थेट चंद्रावरचे खड्डे! खाली लिहिलेलं असतं '10-300X40'. किंमत दीड-दोन हजार, तीही 'फक्त आजच्या दिवसासाठी'. पक्षी बघायचं वेड नुकतंच लागलेल्या माणसाला वाटतं, अरे, मग लोक स्पॉटिंग स्कोपवर लाख-लाख रुपये उगाच उडवतात की काय?

उगाच नाही उडवत. पण सगळेच विचार करून उडवतात असंही नाही. माझा स्वतःचा पहिला स्कोप ऑनलाइन मागवलेला होता, नऊ हजारांचा. खोक्यावर '60X' एवढं मोठं छापलेलं होतं की कंपनीचं नाव शोधावं लागलं. त्या साठ पटीवर मला आयुष्यात एकही पक्षी नीट दिसला नाही. म्हणून म्हटलं, तुमचे पैसे जायच्या आधी हे लिहावं.

आधी थोडक्यात, स्पॉटिंग स्कोप म्हणजे काय? आपली नेहमीची दोन डोळ्यांची दुर्बीण आठ किंवा दहा पट मोठं दाखवते. झाडावरच्या पक्ष्यांना तेवढं पुरतं. पण खाडीच्या चिखलात दोनशे मीटरवर बसलेला मूठभर आकाराचा तुतवार दहा पटीतही ठिपकाच राहतो. तिथे स्कोप लागतो. एका डोळ्याने बघायची, ट्रायपॉडवर बसवायची ही दुर्बीण साधारण 20 ते 60 पट मोठं दाखवते. खगोलवाल्यांच्या टेलिस्कोपमध्ये चित्र बहुधा उलटं दिसतं, स्कोपमध्ये सुलटं दिसतं आणि बरेचसे स्कोप पाऊस-धूळही सोसतात.

आता त्या जाहिरातीतलं 300 घ्या. पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा आणि त्याला पटीने भागायचं. जो आकडा येतो, तेवढ्याच रुंदीची प्रकाशाची शलाका तुमच्या डोळ्यात शिरते. 80 मिलिमीटरचा स्कोप 20 पटीवर लावला तर ही शलाका 4 मिलिमीटरची. दिवसा आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटर उघडी असते, म्हणजे चित्र लख्ख. तोच स्कोप 60 पटीवर नेला की शलाका उरते 1.3 मिलिमीटरची. चित्र मंदावतं, पण चालतं. एक मिलिमीटरच्या खाली गेलं की चित्र अंधारं आणि मऊ होतं, शिवाय तुमच्या स्वतःच्या डोळ्यातले तरंगणारे धागे दिसायला लागतात! आणि 40 भागिले 300? साधारण 0.13 मिलिमीटर. म्हणजे सुईच्या टोकाने भोक पाडून त्यातून बघण्याचा प्रकार. तो चंद्र त्या नळीतून काढलेला नसतो, एवढं कळायला इतका भागाकार पुरे.

म्हणजे पट महत्त्वाची नाही, भिंगाचा व्यास महत्त्वाचा. बाजारात 50, 65, 80-85 आणि 95 मिलिमीटरच्या आसपासचे स्कोप मिळतात. मोठं भिंग जास्त प्रकाश गोळा करतं आणि जास्त बारीक तपशील सुटा करतं. निर्दोष 80 मिलिमीटरचं भिंग 200 मीटरवरच्या, एकमेकींपासून दीड मिलिमीटर अंतरावरच्या दोन रेघा वेगळ्या दाखवू शकतं. इथे 'निर्दोष' हा शब्द महागडा आहे, सगळी किंमत त्याचीच असते.

मग महाग काचेत असं काय असतं?

साध्या भिंगाची एक खोड आहे. निळा प्रकाश ते जास्त वाकवतं, लाल कमी. त्यामुळे सगळे रंग एका जागी जुळत नाहीत. पांढऱ्या आभाळासमोर तारेवर बसलेला कावळा स्वस्त स्कोपमधून बघा. त्याच्या कडेला एका बाजूने जांभळी, दुसऱ्या बाजूने हिरवट किनार दिसेल. नुसती किनार असती तर चाललं असतं. पण हाच विखुरलेला रंग पिसांवरच्या बारीक रेघांवरही सांडलेला असतो, म्हणून चित्र धुकट वाटतं आणि आपण बिचारे फोकसचं चाक फिरवत बसतो.

यावरचा उपाय जुना आहे. जर्मनीत येना इथे झाइसच्या कारखान्यात काम करणाऱ्या एर्न्स्ट अ‍ॅबे यांनी 1880 च्या दशकात सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांत फ्लोराइट हे खनिज वापरलं. फ्लोराइटमध्ये रंग फार कमी विखुरतात. पण भिंगाजोगे मोठे, स्वच्छ खडे निसर्गात क्वचित सापडतात. पुढे हे स्फटिक कारखान्यात 'वाढवता' येऊ लागले आणि 1969 मध्ये कॅननने असं फ्लोराइट वापरलेली कॅमेऱ्याची लेन्स बाजारात आणली. आज कोवा या जपानी कंपनीच्या 88 मिलिमीटरच्या वरच्या श्रेणीतल्या स्कोपमध्ये फ्लोराइट स्फटिकाचं भिंग असतं. बाकीचे बहुतेक चांगले स्कोप 'ईडी' काच वापरतात. ही रंग कमी विखुरणारी खास काच असते आणि फ्लोराइटच्या बऱ्याच जवळ जाते.

एक सावधगिरी. 'ईडी' या अक्षरांना निदान काही अर्थ आहे. 'एचडी'ला स्कोपच्या बाबतीत कुठलीच ठरलेली व्याख्या नाही, कोणीही छापू शकतं. आणि ईडी काचेतही प्रती आहेत. एक बरा तुकडा घालून बाकी भिंगं कशीतरी जुळवली तरी खोक्यावर ईडी लिहिता येतंच.

दुसरा खर्च लेपाचा. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्के प्रकाश परत फिरतो. स्कोपमध्ये असे दहा पृष्ठभाग धरले तरी एक तृतीयांश प्रकाश वाटेतच गळाला! चांगल्या बहुस्तरीय लेपाने ही गळती दर पृष्ठभागाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. तिन्हीसांजेला हा फरक समजतो.

तीन स्कोप, एक किनारा

आता मुख्य प्रश्न. याचं उत्तर मला अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर मिळालं. हिवाळ्यात तिथे वाळूवर चिखल्या पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यातल्या सँड प्लोव्हरमधला धाकटा कोण आणि थोरला कोण हे ओळखणं म्हणजे डोकेदुखी. थोरल्याची चोच जरा लांब आणि टोकाकडे निमुळती, पाय जरा लांब. सगळा खेळ या 'जरा'चा.

संध्याकाळची ओहोटी, समोर पश्चिमेचा सूर्य, पक्षी चमकत्या पाण्यासमोर काळेकुट्ट. आमच्याकडे तीन स्कोप होते. माझा नऊ हजारी, एका मैत्रिणीचा 80 मिलिमीटरचा मधल्या किमतीचा ईडी आणि एका ज्येष्ठ पक्षीमित्रांचा फ्लोराइटवाला, ज्याची किंमत त्यांनी घरी अजून सांगितलेली नाही.

25 पटीवर माझ्या स्कोपमध्ये जांभळी किनार घेतलेले ठिपके. मैत्रिणीच्या स्कोपमध्ये चोच स्पष्ट, पाय स्पष्ट. फ्लोराइटमध्येही तसंच. खरं सांगतो, डोळे बांधून अदलाबदल केली असती तर या दोघांतला कोणता कुठला हे मला सांगता आलं नसतं.

मग 60 पट. माझा स्कोप तर खेळातून बादच झाला होता. मैत्रिणीचा मऊ पडला, फोकस 'इथे की तिथे' असं होऊ लागलं. फ्लोराइटमध्ये मात्र चोचीचं टोक चिमटीत धरल्यासारखं दिसत होतं. त्याच थव्यातल्या एका पक्ष्याच्या पायात रंगीत झेंडी होती. पक्षी कुठून कुठे जातात हे कळावं म्हणून बीएनएचएससारख्या संस्था अशा झेंड्या लावतात आणि त्यांवरची अक्षरं कोणी वाचली तर तो पक्षी कुठून आला हे समजतं. झेंडी दोघांत दिसली. अक्षरं एकातच वाचता आली. सूर्य बुडाल्यावरही त्या स्कोपने आणखी वीसेक मिनिटं काम केलं.

म्हणजे महागडा जिंकला? थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता आम्ही पुन्हा तिथेच. वाळू तापलेली. उन्हात डांबरी रस्त्यावर हवा जशी थरथरते, तशी ती पक्षी आणि आमच्यामध्ये थरथरत होती. 30 पटीच्या वर तिन्ही स्कोपमध्ये एकच चित्र: उकळत्या पाण्यात बुडवलेला पक्षी. माझा नऊ हजारी आणि तो लाखोंचा, दोघे एका रांगेत! हवेतला दोष कुठलीच काच काढू शकत नाही. आणि आपल्याकडे हिवाळ्यातसुद्धा साडेनऊ-दहानंतर उघड्या माळावर, पाणवठ्यावर हेच होतं.

म्हणून माझं मत असं. स्वस्त स्कोपवरून मधल्या ईडी स्कोपवर जाणं म्हणजे नवा डोळा मिळणं. तिथे कंजुषी करू नका. मधल्यावरून सर्वांत वरच्यावर जाणं म्हणजे पहाटेचा आणि संध्याकाळचा एकेक तास आणि 45 पटीच्या पुढचा प्रदेश विकत घेणं. तुम्ही झेंड्या वाचत असाल, गणना करत असाल, वर्षातले चाळीस-पन्नास दिवस खाडीवर जात असाल, तर स्वारोव्स्की, झाइस, लायका, कोवा यांच्या वाटेला जरूर जा. काही लाख जातील, पण वस्तू वीस वर्षं सोबत करेल. महिन्यातून एका रविवारी जाणाऱ्याला निकॉन, व्होर्टेक्स किंवा सेलेस्ट्रॉनचा मधला ईडी स्कोप पुरेसा आहे.

आणि काहींना स्कोपच नको. भिगवणला जाऊन उजनीच्या पाण्यावर होडीतून रोहित बघणं एवढाच बेत असेल, तर स्कोप घेऊन पस्तावाल. डुलत्या होडीत 20 पटीवर पक्षी नाही, तुमची स्वतःची मळमळ दिसते. तिथे 8X42 ची चांगली दुर्बीणच राजा. स्कोप हवा तो पाय जमिनीवर टेकवून लांब बघायचं असेल तिथे: नांदूर मध्यमेश्वरचे निरीक्षण मनोरे, शिवडीची जेट्टी, कोकणातले किनारे.

ट्रायपॉडचे पैसे आधी बाजूला काढा

हे कोणी सांगत नाही. 60 पटीवर तुमच्या ट्रायपॉडचा थरकापही 60 पट होतो. उत्तम स्कोप आणि लग्नातल्या व्हिडिओवाल्याकडून उरलेला लटपटता ट्रायपॉड, ही जोडी म्हणजे नऊ हजारी स्कोपच. एकूण बजेटचा निदान पाचवा हिस्सा ट्रायपॉड आणि तेलावर फिरणाऱ्या, झटके न देणाऱ्या हेडसाठी ठेवा. खाडीवर वारा असतोच. मधला दांडा वर काढू नका, खाली पिशवी टांगा.

तिरका की सरळ? चार उंचीची चार माणसं एकाच स्कोपमधून बघणार असतील तर 45 अंशात वाकलेली डोळकाच घ्या. गाडीतून बघत असाल तर सरळ. चष्मा असेल तर चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतोय का ते दुकानातच बघा.

आपल्याकडचा खरा शत्रू मात्र वेगळाच आहे, बुरशी. मुंबई-कोकणातल्या एका पावसाळ्यात भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे उगवतात आणि ते काचेवरचा लेप खातात. आत नायट्रोजन भरून हवाबंद केलेला स्कोप घ्या, आणि जून ते सप्टेंबर तो बॅगेत न ठेवता सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात ठेवा. वॉरंटी भारतात चालते की दुरुस्तीला परदेशी धाडावी लागते, हेही बिल व्हायच्या आधी विचारा. परदेशातल्या नातेवाइकाकडून आणवलेल्या स्वस्त स्कोपची गंमत बहुतेकदा इथेच संपते.

जुना घेत असाल तर पुढच्या भिंगातून मोबाईलचा टॉर्च मारून मागून तिरकं बघा, बुरशी असेल तर लगेच दिसते. नवा घेताना तो दुकानाच्या दारात आणा, सकाळी लवकर. समोर तार असेल, तारेवर कावळा किंवा घार असेल. पट सर्वांत वर न्या आणि फोकसचं चाक हळू फिरवा. चित्र एका जागी खटकन जुळलं पाहिजे. पुढे-मागे करत शोधत बसावं लागलं, तर त्याच मॉडेलचा दुसरा नग मागा. एकाच मॉडेलच्या दोन नगांत फरक असतो, आणि दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू द्या.