दुपारचं युनिट, संध्याकाळचं युनिट

५ एप्रिल २०२०. तुमच्यापैकी काही जण तेव्हा बालवाडीत असतील, काही तर रांगतच असतील. करोनाचा लॉकडाऊन चालू होता. त्या रात्री बरोबर नऊ वाजता नऊ मिनिटं घरातले दिवे बंद करा आणि पणत्या, मेणबत्त्या लावा, असं आवाहन पंतप्रधानांनी केलं होतं. लोक गच्चीवर, गॅलरीत, खिडकीत उभे होते. सगळीकडे पणत्याच पणत्या! पण काही माणसांना मात्र त्या पणत्या बघायला क्षणाचीही फुरसत नव्हती. त्यांची नजर एका आकड्यावर होती, आणि तो आकडा पन्नासच्या आसपासच राहायला हवा होता.

ही माणसं भार प्रेषण केंद्रांत काम करतात. नाव भारदस्त आहे, पण काम सरळ आहे: या घडीला देशाला किती वीज हवी आहे आणि किती तयार होते आहे, यांचा मेळ घालायचा. दिवसरात्र, एक क्षणही न थांबता. आपल्या महाराष्ट्राचं असं केंद्र नवी मुंबईत ऐरोलीला आहे. त्या रात्री काही मिनिटांत देशाची मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने खाली घसरली आणि लगेच पुन्हा वर चढली. महानिर्मिती या राज्याच्या वीज कंपनीचं सगळ्यात मोठं औष्णिक वीज केंद्र चंद्रपूरला आहे. त्याची पूर्ण क्षमता २,९२० मेगावॅट. म्हणजे चंद्रपूरसारखी दहा केंद्रं झटक्यात थांबवायची आणि थोड्याच वेळात पुन्हा पळवायची! जलविद्युत केंद्रांनी त्या रात्री हे काम मुख्यतः पेललं आणि देशात कुठेही विजेचं जाळं कोसळलं नाही. मला विचाराल तर त्या रात्रीची ही खरी कमाल.

आता तुम्ही म्हणाल, ‘दिवे बंद झाले तर वीज उरली, मग चांगलंच झालं की! ठेवायची साठवून.’

पण वीज उरत नाही. तुमच्या डोक्यावरचा पंखा आत्ता ज्या विजेवर फिरतोय, ती आत्ताच, याच क्षणी कुठेतरी तयार होते आहे. सकाळची नाही, कालची तर नाहीच. तारांमध्ये वीज भरून ठेवलेली नसते. बॅटरीत ती ठेवता येते, पण सगळ्या राज्याची वीज मावेल एवढ्या बॅटऱ्या अजून कुणाकडेही नाहीत. म्हणून तुम्ही बटण दाबलं की कुठल्या तरी वीज केंद्रातल्या जनित्रावर तेवढा भार लगेच वाढतो. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा झुलतो. तोच तो पन्नासचा आकडा. मागणी वाढली आणि वीज कमी पडली, तर जनित्रं किंचित मंदावतात आणि आकडा पन्नासच्या खाली येतो. वीज जास्त झाली तर वर जातो. गंमत म्हणजे २०१३ च्या ३१ डिसेंबरला दक्षिण भारताचं जाळं बाकी देशाला जोडलं गेलं, तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी मोठ्या जाळ्यावरची सगळी जनित्रं एकाच तालात फिरतात. गडचिरोलीतला मिक्सर आणि मदुराईतला पंप, दोघांचा ताल एकच.

हे एवढं कळलं की पुढचं कोडं सोपं होतं. बाजारात कांदा कांद्याच्या भावाने मिळतो, मग वीज सकाळी एका भावाने आणि दुपारी दुसऱ्या भावाने कशी?

कारण ती दर वेळी वेगळ्या ठिकाणाहून येते. दुपारी बाराला सूर्य डोक्यावर असतो. भारतात सौर पॅनेलांची क्षमता २०२५ च्या जानेवारीत १,००,००० मेगावॅटच्या पुढे गेली. या पॅनेलांना कोळसा लागत नाही, पाणी लागत नाही. ऊन आहे तोवर वीज येतच राहते, कुणी वापरो न वापरो. आणि संध्याकाळी काय होतं? ऊन उतरतं, पॅनेलं झोपतात, आणि नेमक्या त्याच वेळी आपण सगळे घरी येतो. दिवे, टीव्ही, एसी, मिक्सर, पाण्याचा पंप, सगळं एकदम सुरू. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याचं जाळं सांभाळणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये सौर ऊर्जा वाढल्यावर दिवस कसा दिसेल याचा आलेख काढला. सूर्याची वीज वजा करून इतर केंद्रांवर किती भार उरतो, त्याची ती रेघ. दुपारी ती पोटासारखी खाली लोंबते आणि संध्याकाळी मानेसारखी ताठ वर जाते. हुबेहूब बदक! वीज क्षेत्रातले लोक आजही त्याला बदकाचाच आलेख म्हणतात.

या बदकाची मान चढणं फार अवघड. कोळशावरचं केंद्र गार पडलं, तर त्याचा बॉयलर पुन्हा तापवून पूर्ण जोरात आणायला कित्येक तास लागतात. म्हणून दुपारी नको असतानाही त्याला मंद आचेवर चालू ठेवावं लागतं. पाण्याचं तसं नाही. झडप उघडली की काही मिनिटांत टर्बाइन फिरायला लागतं. आपल्या कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे नेऊन वीज करतात, आणि राज्याला तिचा सगळ्यात मोठा आधार अशा अडचणीच्या वेळीच असतो. पण कोयनेचं पाणी हवं तितकं वळवता येत नाही. कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) एवढंच पाणी पश्चिमेला न्यायची मुभा दिली आहे. म्हणून ते जपून वापरायचं. विजेच्या बाजारातही हेच दिसतं. तिथे दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याचा भाव वेगळा असतो. उन्हाच्या दिवसांत दुपारचा भाव कधीकधी पार तळाला जातो, आणि संध्याकाळी तोच युनिटला १० रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकतो.

इतकी वर्षं आपल्या घरात हे कळत नव्हतं, कारण जुना मीटर फक्त बेरीज करायचा. महिन्यात किती युनिटं झाली ते सांगायचा, कधी झाली ते नाही. नवा स्मार्ट मीटर वेळेचीही नोंद ठेवतो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये नियम बदलून वेळेनुसार वीजदराची वाट मोकळी केली, आणि महावितरणने १ जुलै २०२५ पासून असा टीओडी, म्हणजे वेळेनुसार मोजणारा, मीटर असलेल्या घरांसाठी सवलत जाहीर केली: सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळात वापरलेल्या प्रत्येक युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया. दर बदलत असतात, म्हणून तुमच्या घरचं ताजं बिल हातात घ्या आणि त्यावर वेळेप्रमाणे युनिटं वेगळी दाखवली आहेत का ते शोधा.

या वेळेच्या खेळात माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा शेतकऱ्यांचा आहे. वर्षानुवर्षं शेतीच्या पंपाला पाळीने वीज मिळायची, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की शेतकरी बॅटरी हातात घेऊन अंधारात बांधावरून चालायचे. विंचूकाटा, साप, काही भागांत बिबट्याही. आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिन्यांना दिवसा वीज देतात. ऊन पडलं, पंप चालू. सूर्याची वेळ आणि पिकाला पाणी द्यायची वेळ एकच झाली की कुणाला जीव धोक्यात घालावा लागत नाही.

आता घरात येऊ. वीज फारशी साठवता येत नाही हे खरं, पण काम साठवता येतं! भंडारदऱ्याच्या जवळ, अकोले तालुक्यात घाटघरला एक धरण आहे आणि त्याच्या खाली, ४०० मीटरहून जास्त खोल, कोकणात शहापूर तालुक्यात चोंढ्याला दुसरं. वीज स्वस्त असते तेव्हा खालचं पाणी पंपाने कड्यावर चढवायचं, आणि विजेची टंचाई असते तेव्हा तेच पाणी खाली सोडून टर्बाइन फिरवायचं. तेच यंत्र एकदा पंप होतं, एकदा जनित्र. क्षमता २५० मेगावॅट. अशा योजनांत साधारण चार युनिटं खर्च करून तीनच परत मिळतात, तरीही ती तीन संध्याकाळी मिळतात म्हणून परवडतं. आता तुमच्या गच्चीवरची टाकी आठवा. पंप दुपारी लावला, तर पाणी वर जाऊन बसतं आणि रात्री नळाला विजेशिवाय येतं. तुमच्या डोक्यावर एक चिमुकलं घाटघरच आहे!

इस्त्री केलेला गणवेश हेही साठवलेलं काम. घरघंटीवर दळून ठेवलेलं पीठ, इडलीचं वाटून ठेवलेलं पीठ, धुऊन वाळलेले कपडे, सगळी तशीच. आजी दुपारी घरी असेल तर तिला विचारून बघा, वॉशिंग मशीन सकाळी सातऐवजी दहाला लावलं तर चालेल का. बहुतेक ती म्हणेल, ‘अगं, मला तर बरंच आहे, कपडे भर उन्हात वाळतील.’ ई-स्कूटर असेल तर रविवारी दुपारी चार्ज करता येते. पंखा, रात्रीचा दिवा, फ्रिज यांना मात्र हलवू नका. त्यांचं काम त्याच वेळचं असतं.

पैसे किती वाचतील? खोटं सांगणार नाही. रोज दोन युनिटं दुपारी सरकवली, तर महिन्याला साठ, म्हणजे ४८ ते ६० रुपये. त्यातून खजिना जमणार नाही. आणि एक सापळा आहे: दुपारी सवलत मिळते म्हणून जास्तच वीज वापरली, तर बिल वाढणारच. आपल्याकडे १०० युनिटांपर्यंत एक दर असतो आणि त्यापुढच्या युनिटांचा दर जोरात चढतो. म्हणून आधी कमी वापरायचं, मग उरलेलं सरकवायचं.

कमी कुठे करायचं? उत्तर शोधायला एक गणित करू. १ युनिट विजेत, गळती धरली नाही, तर १,००० लिटर पाणी ३६७ मीटर उंच उचलता येतं. आता अंघोळीचं १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला लागतं सुमारे ०.७ युनिट. तेवढ्याच विजेत ते १५ लिटर पाणी किती उंच चढवता येईल? सतरा किलोमीटर! एव्हरेस्टच्या जवळजवळ दुप्पट. मी हे गणित पहिल्यांदा केलं तेव्हा पुन्हा एकदा तपासून पाहिलं, इतकं ते आश्चर्याचं वाटतं. उचलणं, फिरवणं, उजेड पाडणं ही विजेची हलकी कामं. तापवणं हे फार भारी काम. म्हणून गिझर, इस्त्री, ओव्हन यांच्याकडे आधी बघा. गच्चीवर सौर बंब असेल तर सूर्य थेट पाणीच तापवतो, मधे वीज हवी कशाला?

पंख्यांतही एक चोर लपलेला असतो. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. तेवढाच वारा, अर्ध्याहून कमी वीज. उन्हाळ्यात पंखा रात्रंदिवस फिरतो, म्हणून हा फरक बिलात चांगला दिसतो.

आता स्वतः करून बघायचा प्रयोग. मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि मीटरसमोर उभे राहा. मीटरला किंवा तारांना हात लावायचा नाही, फक्त बघायचं. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, आणि शेजारी एक युनिटमागे तो किती वेळा लुकलुकतो ते लिहिलेलं असतं. बऱ्याच मीटरांवर तो आकडा ३२०० असतो. तसा असेल, तर दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागा. उत्तर येईल तेवढे वॅट या क्षणी तुमचं घर घेतंय. पाच सेकंद आले तर २२५ वॅट. आकडा वेगळा असेल, तर ३६,००,००० ला आधी त्या आकड्याने भागा आणि मग सेकंदांनी. आता कुणाला तरी गिझर लावायला सांगा आणि दिव्याकडे बघा: दोन हजार वॅटचा गिझर असेल, तर तो सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकायला लागेल.

मग दिवे, पंखे, टीव्ही असं सगळं बंद करा, फ्रिजही दहा मिनिटांसाठी; बाकी प्लगची बटणं मात्र एरवीसारखीच राहू द्या. दिवा अजून लुकलुकतोय? मग कुणीतरी गुपचूप वीज पितंय. टीव्हीचा सेटटॉप बॉक्स असेल, वाय-फायचा डबा असेल, नाहीतर प्लगमध्ये विसरलेला एखादा चार्जर. १० वॅटचा डबा महिनाभर चालू राहिला तर ७.२ युनिटं खातो. सेकंद मोजा, भागाकार करा, एकेक प्लग काढत जा आणि आरोपी सापडला की फ्रिज पुन्हा लावायला विसरू नका.